टेनिस एल्बो आणि हाताने होणारी फिजिओथेरपी: आमच्याकडे नेहमी विचारले जाणारे प्रश्न

कोपराच्या बाहेरच्या अंगाला दुखतं म्हणून गोव्यातल्या फोंडा, डिचोली, साखळी, पेडणे अशा सगळ्या बाजूंनी माणसं येतात आणि फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात. ते इथे एकत्र केले आहेत. वाचून अंदाज येईल, पण हात तपासल्याशिवाय उपचार ठरत नाही, एवढं आधीच सांगून ठेवतो.

जन्मात टेनिस खेळलो नाही. मला टेनिस एल्बो कसा झाला?

ज्यांना होतो त्यातले बहुतेक जण टेनिस खेळणारे नसतातच. १८७३ साली रुंगे नावाच्या जर्मन डॉक्टरांनी या दुखण्याचं वर्णन केलं ते सतत लिहिणाऱ्या माणसांच्या बाबतीत. टेनिसशी नातं जुळलं ते पुढे १८८० च्या दशकात, इंग्लंडमध्ये लॉन टेनिसचं वेड पसरल्यावर.

मनगट वर उचलणारे स्नायू कोपराच्या बाहेरच्या बाजूच्या हाडाच्या उंचवट्यावरून निघतात. आपण एखादी वस्तू मुठीत घट्ट धरतो तेव्हा मनगट पुढे कोसळू नये म्हणून हेच स्नायू ते ताठ धरून ठेवतात. म्हणजे प्रत्येक घट्ट मुठीचा भार त्या उंचवट्यावर येतो. आता गोव्यात दिवसभर मूठ आवळणारी कामं किती, ते बघा. आदोळीवर बसून नारळ खवणं, काजूच्या हंगामात बोंडूपासून बी पिळून वेगळी करणं, नारळ पाडणाऱ्या पाडेल्याचा कोयता, गवंड्याची थापी, चित्रशाळेत गणपतीची माती मळणं, मासे धरायची रापण (मोठं जाळं) ओढणं, हॉटेलच्या किचनमधला जड तवा. मोटारसायकलवरून भाड्याने प्रवासी नेणाऱ्या पायलटांचं तर विचारूच नका. ॲक्सिलरेटर पिळून धरताना मनगट मागे वळलेलं असतं आणि दिवसभर तसंच राहतं.

काम रोजचंच असेल तर शरीर बहुधा सांभाळून घेतं. घोटाळा होतो तो काम एकदम वाढल्यावर. एरवी दिवसाला अर्धा नारळ खवणाऱ्या बाईने चवथीच्या नेवऱ्यांसाठी दोन दिवसांत घरच्या सगळ्यांच्या वाटचे नारळ खवले, की विसर्जनानंतर तिचा फोन येतो. शिगम्यात (होळीच्या सणात) वर्षातून एकदाच ढोल गळ्यात घालणाऱ्यांचंही तेच. शंभर प्रौढांमागे एक ते तिघांना हे दुखणं असतं, आणि पस्तिशी ते पंचावन्नच्या दरम्यान ते जास्त दिसतं.

आत सूज आहे ना? मग गोळ्यांनी उतरत का नाही?

पूर्वी तसंच मानत. पण शस्त्रक्रियेत काढलेले तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा सुजेच्या पेशी फारशा सापडल्या नाहीत. स्नायूला हाडाशी जोडणारी कंडरा झिजलेली, तिचे तंतू सुंभाचा पीळ सुटावा तसे विस्कटलेले, असं चित्र दिसलं. गोळीने काही दिवस ठणका कमी होतो, ते वाईट नाही. विस्कटलेले तंतू मात्र गोळीने सरळ होत नाहीत. त्यांना हळूहळू वाढत जाणारा भार लागतो. आमच्या सगळ्या उपचाराचा पाया हाच आहे, म्हणून पुढची उत्तरं वाचताना हे लक्षात असू द्या.

एक्स-रे, एमआरआय काढून आणू का?

बहुतेकांना गरज नसते. पडून मार लागला असेल, कोपर अडकत असेल किंवा पूर्ण सरळ होत नसेल, तर एक्स-रे हवा.

तपासताना नेमकं काय करता?

आधी बोटाने दाबून दुखरी जागा शोधतो. मग तुम्ही मनगट वर उचलायचं आणि आम्ही ते खाली दाबायचं. त्यानंतर कोपर सरळ ठेवून फक्त मधलं बोट वर उचलायला सांगतो आणि त्यावर दाब देतो. नेमक्या जागी कळ आली तर निदान बरंचसं पक्कं होतं.

मग मूठ मोजतो. त्यासाठी यंत्र मिळतं, पण बीपीच्या मशीनचा पट्टा गुंडाळून २० पर्यंत हवा भरली तरी काम भागतं. कोपर सरळ ठेवून पट्टा हळूहळू दाबायचा आणि दुखायला लागलं, की त्या क्षणी थांबायचं. काटा जिथे पोचला तो आकडा लिहून ठेवतो. सगळा जोर लावून किती दाबता येतं ते इथे विचारलेलं नाही. न दुखता किती दाबता येतं ते पाहायचं आहे. पुरुषमंडळी इथे हमखास ताकद दाखवायला जातात, म्हणून दोनदा सांगावं लागतं.

मानही तपासतो. दुखरी जागा उंचवट्याच्या तीन-चार बोटं खाली, पुढच्या हाताच्या मांसल भागात असेल, तर तिथून जाणारी रेडियल नस दबलेली असू शकते. त्याला वरून टेनिस एल्बोच म्हटलं जातं आणि महिनोन् महिने भलत्याच जागी उपचार चालू राहतात.

हाताने उपचार म्हणजे मालीशच ना?

नाही. मालीश हा त्यातला लहानसा भाग. सांध्याला ठरावीक दिशेने सरकवणं, कंडरेवर आडवं घर्षण देणं, आखडलेला स्नायू सोडवणं, नस मोकळी करणं आणि काही वेळा मान किंवा मनगटाच्या सांध्यावर काम करणं, हे सगळं त्यात येतं. प्रत्येकाला सगळं लागत नाही. पहिल्याच दिवशी सगळंच करून दिलं, तर नेमका कशाने फरक पडला ते कोणालाच कळणार नाही.

मुलिगन पद्धत म्हणजे काय? आमच्या शेजाऱ्याला एकदाच केली आणि मूठ वळू लागली म्हणे.

शेजारी खोटं सांगत नसावा. ब्रायन मुलिगन हे न्यूझीलंडचे फिजिओथेरपिस्ट. सांधा किंचित सरकवून धरायचा आणि त्याच वेळी रुग्णाने दुखणारी हालचाल करायची, अशी त्यांची पद्धत आहे.

तुम्ही टेबलावर उताणे झोपता. कोपर सरळ, तळहात खालच्या दिशेने. आम्ही एका हाताने तुमच्या दंडाचं खालचं टोक बाहेरच्या बाजूने घट्ट धरतो. दुसरा हात कोपराच्या लगेच खाली, आतल्या बाजूला टेकवतो आणि पुढचा हात बाहेरच्या दिशेने सरकवतो. जाड हाताच्या माणसाला हे नुसत्या हाताने जमत नाही, तेव्हा पट्टा वापरतो. पट्ट्याचं एक टोक तुमच्या हाताभोवती आणि दुसरं आमच्या खांद्यावर असतं. हे सरकणं मिलिमीटरचं असतं, बघणाऱ्याला दिसतही नाही. तसं धरूनच तुम्हाला मूठ आवळायला सांगतो. दिशा बरोबर असेल तर मघाशी ज्या जोराला कळ येत होती, त्या जोराला ती येत नाही. कळ आलीच, तर दिशा थोडी मागे किंवा पुढे बदलून बघतो. तरीही दुखत असेल तर ही पद्धत त्या दिवशी तुमच्यासाठी नाही. दुखत असताना ती रेटायची नसते, हा तिचा पहिला नियम. जमली तर सहा ते दहा वेळा करतो आणि मूठ पुन्हा मोजतो.

ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनच्या क्वीन्सलँड विद्यापीठात बिल व्हिसेन्झिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर बरंच काम केलं आहे. उपचारानंतर लगेच न दुखता मूठ आवळण्याची क्षमता वाढते, हे त्यात दिसून आलं. कारणाबद्दल पूर्वी सांगत की सांधा जागेवरून हलला होता, तो बसवला. आज भर आहे तो मेंदू आणि मज्जातंतूंच्या वेदनेच्या हिशेबावर. हाडं जागेवर बसवली असं कोणी सांगितलं तर मान डोलवा आणि व्यायामाचं विचारा. आरामाचा हा परिणाम काही तास, कधी एखाद-दोन दिवस टिकतो. तेवढ्या वेळात व्यायाम करून घ्यायचा. शेजाऱ्याने व्यायाम केला होता का, तेही जमल्यास विचारून बघा.

अंगठ्याने रगडतात ते कशासाठी? फार दुखतं असं ऐकलंय.

हे सायरियॅक्सचं खोल आडवं घर्षण. जेम्स सायरियॅक्स हे लंडनचे डॉक्टर. कोपर काटकोनात वाकवायचं, तळहात वर करायचा आणि अंगठ्याचं टोक उंचवट्याच्या पुढच्या कडेवर ठेवून कंडरेच्या तंतूंना आडवं घासायचं. तेल किंवा मलम लावायचं नाही. आमचं बोट आणि तुमची कातडी एकत्र सरकली पाहिजे. बोट कातडीवरून घसरलं तर सालपट निघेल आणि कंडरेपर्यंत काहीच पोचणार नाही. पहिली एक-दोन मिनिटं दुखतं, मग जागा बधिर होत जाते. ती बधिर झाल्यावर पुढे दहा मिनिटं, असा मूळ नियम आहे.

त्याच्या जोडीला मिल्सचा झटका असतो. बसलेल्या रुग्णाचा हात आडवा उचलून आत वळवायचा, मनगट पूर्ण खाली वाकवायचं आणि कोपर सरळ होत आल्यावर शेवटच्या टप्प्यात एकच छोटा, झटपट ताण द्यायचा. एका वेळी एकदाच. कोपर पूर्ण सरळ होत नसेल तर हा झटका अजिबात द्यायचा नाही, सांध्याला इजा होते. व्हिडिओ बघून मुलाकडून किंवा नवऱ्याकडून करून घ्यायचं हे काम नाही.

मूळ पद्धतीत घर्षण आणि झटका ही जोडी आठवड्यातून तीनदा, चार आठवडे सांगितली आहे. माझं मत विचाराल तर, नुसत्या घर्षणाच्या बाजूने पुरावा तोकडा आहे. २०१४ च्या कॉक्रेन आढाव्यातही (यात एखाद्या उपचारावरचे सगळे अभ्यास एकत्र तपासतात) ठाम निष्कर्ष काढण्याइतकी माहिती हाती लागली नाही. म्हणून आम्ही ते सरसकट देत नाही. जुनं दुखणं, बोटभर जागेत नेमकी कळ आणि मुलिगनने फरक नाही, अशा वेळी वापरतो.

दुखतंय कोपर आणि तुम्ही मानेला हात लावता?

कोपराकडे येणाऱ्या नसा मानेतूनच निघतात. मान आखडलेली असेल तर तिथल्या मणक्यांना हलक्या हाताने बाजूला सरकवल्यावर कोपराचं दुखणं त्या वेळेपुरतं कमी होतं, असं अभ्यासांतही दिसलं आहे. दिवसभर संगणकापुढे बसणाऱ्या पणजीच्या कचेऱ्यांतल्या मंडळींना याचा उपयोग जास्त होतो. मान साफ असेल तर तिच्या वाटेला आम्ही जात नाही.

उपचारानंतर हात काळानिळा पडला तर?

हलका निळसर डाग आणि दिवसभर ठुसठुस इतपत चालतं. मात्र स्टीलच्या पट्टीने खरवडून मोठाले काळेनिळे वळ उठवणं म्हणजे जोरदार उपचार, असा एक समज पसरला आहे. वळ उठल्याने कंडरा लवकर बरी होते, याला आधार नाही.

एक इंजेक्शन घेतलं की मोकळा, असं मित्र सांगतो.

मित्राने इंजेक्शन कधी घेतलं ते विचारा. दोन आठवड्यांपूर्वी घेतलं असेल तर तो असंच सांगणार.

ब्रिस्बेनमध्येच १९८ जणांवर झालेला अभ्यास २००६ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. एका गटाला स्टेरॉइडचं इंजेक्शन, दुसऱ्याला कोपरावर हाताने उपचार आणि व्यायाम, तिसऱ्याला फक्त सल्ला आणि वाट पाहणं. सहा आठवड्यांनी इंजेक्शनवाले पुढे होते, १०० पैकी ७८ जणांना चांगला आराम. फिजिओथेरपीच्या गटात ६५ आणि वाट पाहणाऱ्यांत २७. नंतर चित्र फिरलं. इंजेक्शनने बरे वाटलेल्यांपैकी ७२ टक्क्यांचं दुखणं उलटलं. वर्षअखेरीला इंजेक्शनचा गट मागे पडला होता, आणि फिजिओथेरपी घेणारे व नुसते वाट पाहणारे साधारण एकाच जागी आले होते.

२०१३ साली १६५ जणांवरच्या दुसऱ्या अभ्यासातही तोच सूर निघाला. वर्षानंतर स्टेरॉइड घेतलेल्यांची स्थिती खोटं (औषध नसलेलं) इंजेक्शन घेतलेल्यांपेक्षा वाईट होती.

आमच्या धंद्याच्या गैरसोयीची गोष्टही यात आहे, ती लपवत नाही. वर्षभर थांबायची तयारी असेल, तर फिजिओथेरपीशिवायही बहुतेकांचा हात बरा होतो. पण ज्याचं पोट हातावर आहे त्याला वर्षभर थांबणं परवडत नाही. पहिले दोन महिने सुसह्य करणं आणि तोवर हाताची ताकद टिकवणं, यासाठी आमच्याकडे यायचं. इंजेक्शन घेऊनच आला असाल तर तसं सांगा. त्या जागी लगेच घर्षण किंवा झटका देत नाही.

व्यायाम कोणता? रबरी चेंडू दाबत बसू का?

चेंडू सध्या राहू द्या. सुरुवातीच्या दिवसांत दुखरी मूठ पुन:पुन्हा आवळल्याने बहुतेकांचं वाढतंच.

पहिल्या टप्प्यात हालचाल न करता जोर लावायचा. पुढचा हात टेबलावर, तळहात खाली, मनगट सरळ. दुसऱ्या हाताने वरून दाबायचं आणि मनगट खाली जाऊ द्यायचं नाही. ३० ते ४५ सेकंद धरा, सोडा, थोडं थांबा. असं पाच वेळा.

दुखणं जरा निवल्यावर वजन येतं. अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली पुरते. हात टेबलाच्या कडेवर, मनगट कडेबाहेर, तळहात खाली. चांगल्या हाताच्या मदतीने मनगट वर उचला आणि एकट्या दुखऱ्या हाताने चार-पाच मोजत सावकाश खाली आणा. दहा ते पंधरा वेळा, तीन फेऱ्या. सोपं वाटू लागलं की बाटली मोठी घ्या. भराभर बाटली खाली सोडणारे म्हणतात व्यायामाचा उपयोग झाला नाही, पण सगळा फायदा त्या सावकाश उतरवण्यातच असतो. सोबत खांद्याच्या पाठीमागच्या स्नायूंचे व्यायामही देतो. खांदा ढिला असला की सगळा भार मनगटावर येतो.

व्यायाम करताना दहापैकी तीन-चारपर्यंत दुखलेलं चालेल. दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणं आदल्या दिवसाइतकंच असेल तर तोच भार ठेवा, वाढलं असेल तर कमी करा. निदान बारा आठवडे धरून चाला. आमच्याकडे अर्ध्यावर गळणारे चौथ्या-पाचव्या आठवड्यात गळतात, कळ कमी झाली म्हणून.

घरी स्वतःला मुलिगन करता येतं का?

येतं, पण आधी एकदा शिकून घ्या. दंडाची बाहेरची बाजू दाराच्या चौकटीला टेकवायची, कोपर चौकटीच्या कडेच्या जरा पुढे. दुसऱ्या हाताने पुढचा हात आतून बाहेर ढकलून धरायचा आणि मूठ वळायची. न दुखता होत असेल तर दिवसातून एक-दोनदा, दहा वेळा. दुखलं तर सोडून द्या.

मेडिकलमध्ये मिळतो तो पट्टा बांधू का?

काम करताना बांधा, झोपताना काढा. कोपराच्या सांध्यावर बांधू नका. सांध्याच्या दोन-तीन बोटं खाली, मांसल भागावर यायला हवा. बोटांना मुंग्या आल्या तर घट्ट झाला आहे.

काम पूर्ण बंद करायचं का?

नको. पूर्ण विश्रांतीने कंडरा आणखी कमजोर होते. पद्धत बदला. पिशवी किंवा कळशी उचलताना तळहात वर किंवा अंगठा वर असू द्या. तळहात खाली करून उचललं तर सगळा ताण दुखऱ्या जागी जातो. पावसाळ्यात भिजलेली जाड चादर पिळू नका, तशीच टांगून निथळू द्या. नारळ एका बैठकीत संपवण्याऐवजी थांबून थांबून खवा, आणि चवथीला ते काम घरातल्या पुरुषांनाही जमतं. कोयता, थापी, बॅडमिंटनची रॅकेट यांची मूठ बारीक असेल तर वर कापड किंवा ग्रिप गुंडाळून जाड करा, म्हणजे कमी आवळावं लागतं.

गावात एक मालीशवाला आहे, हाडही बसवतो. त्याच्याकडे गेलो तर?

तेलाने हलकं चोळून घेतलंत तर बरं वाटेल, नुकसान नाही. पण कोपराला झटका देऊ देऊ नका. इथे हाड सरकलेलं नसतंच, त्यामुळे बसवण्यासारखं काही नाही.

दहा दिवसांचं मशीनचं पॅकेज घेतलं, फरक नाही. का?

अल्ट्रासाउंड आणि करंटची मशिनं लावून तुम्हाला वीस मिनिटं झोपवलं आणि व्यायाम शिकवलाच नाही, तर फरक पडायला कारणच नव्हतं. मशीन जोडीला असेल तर हरकत नाही. पुढच्या वेळी कुठेही जा, पहिल्याच दिवशी दोन गोष्टी विचारा: माझी मूठ मोजणार का, आणि घरी काय करायचं ते कधी सांगणार?

किती वेळा यावं लागेल?

वर सांगितलेल्या २००६ च्या अभ्यासात सहा आठवड्यांत अर्ध्या तासाच्या आठ भेटी होत्या. आम्हीही साधारण तेवढंच धरतो. चार भेटींत मुठीचा आकडा हललाच नाही, तर पुन्हा तपासून निदानापासून सुरुवात करतो.

हाताने उपचार कोणी करून घेऊ नये? डॉक्टरांना आधी कधी दाखवायचं?

रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील, हाडं ठिसूळ असतील, संधिवात असेल किंवा त्या जागी जखम, पुरळ असेल, तर घर्षण आणि झटका नको. मधुमेह असेल तर तोही सांगा, कंडरा भरून यायला वेळ लागतो.

कोपर लाल, गरम, सुजलेलं आणि ताप, बोटं वर उचलता न येणं, सतत बधिरपणा, रात्री झोपू न देणारा ठणका, पडल्यानंतरचं दुखणं, यातलं काहीही असेल तर आधी डॉक्टर. आणि डाव्या हाताच्या दुखण्याबरोबर छातीत दडपण, घाम, धाप असेल तर ते कोपराचं दुखणं समजू नका. १०८ ला फोन करा.

ऑपरेशनची वेळ येते का?

क्वचित. सहा महिने ते वर्षभर नीट उपचार करूनही काम होत नसेल, तर अस्थिरोगतज्ज्ञांशी बोलायचं.

सरकारी इस्पितळात ही सोय आहे का? येताना काय आणू?

बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) आणि म्हापसा, मडगावच्या जिल्हा इस्पितळांत फिजिओथेरपीचा विभाग आहे. तिथे गर्दी असते, सकाळी लवकर जा. खाजगीत जात असाल तर उपचार करणाऱ्याकडे फिजिओथेरपीची बी.पी.टी. किंवा एम.पी.टी. पदवी आहे का ते विचारायला संकोच करू नका. चालू औषधांची चिठ्ठी, आधी इंजेक्शन घेतलं असेल तर त्याची तारीख आणि काढलेले एक्स-रे असतील तर ते आणा. ज्या हत्याराने किंवा रॅकेटने दुखतं ते बरोबर आणलंत तर उत्तमच, धरण्याची पद्धत तिथल्या तिथे बघता येते. कोयता मात्र कागदात नीट गुंडाळून आणा. आणि बाही दंडापर्यंत वर जाईल असा शर्ट किंवा ब्लाउज घालून या.